बिनफोडणीचं घर

मी घर सोडलं त्या सकाळी आईनं नेमक्या मिरच्या भाजायला काढल्या. लग्नाला महिना झाला होता, नवऱ्याला चाकणच्या कंपनीत पर्मनंट केलं होतं आणि चिखलीत एक रूम मिळाली होती. जायच्या आधी माहेरी भेटायला आले होते. अंगणात तीन दगडांवर लोखंडी कढई, तेलात परतत असलेल्या लाल मिरच्या आणि समोर डोक्यावरून पदर घट्ट बांधून बसलेली आई. वडील म्हणाले, "आजच मुहूर्त सापडला व्हय तुला?" मिरच्या भाजताना ती कधीच बोलायची नाही, तोंड उघडलं की ठसका आत जातो म्हणायची. निरोपाला आलेल्या बायका खोकत खोकत मला कुंकू लावून गेल्या. आई एसटीपर्यंतही आली नाही. मी चिडले होते. लेक चालली गाव सोडून आणि हिला तिखटाची पडलीय!

एसटी बार्शीच्या पुढं आली तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या आईला चारचौघांत रडायची भारी लाज. त्या सकाळी तिनं अख्ख्या अंगणाच्या डोळ्यांना पाणी आणलं, म्हणजे तिच्या एकटीकडं कुणी बघायला नको.

तुम्ही जे तिकडं गावी राहिलात त्यांना ही बाई माहीत आहे, तिच्या काळ्या तिखटाशिवाय गावात एक पंगत उठली नाही. पण तिचं शेवटचं वर्ष तुम्ही दादाच्या तोंडून ऐकलंय. माझ्या तोंडून कुणी ऐकलं नाही, म्हणून लिहितेय. आणि जे माझ्यासारखे इकडं येऊन राहिले, त्यांनीही वाचावं. त्यांना मी जास्त काही समजावून सांगायला नको.

चिखलीची ती रूम म्हणजे पत्र्याखाली एक ओटा आणि एक खिडकी. पहिल्याच आठवड्यात मी तव्यावर हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे भाजून तांब्याच्या बुडानं ठेचा रगडला आणि रांगेतल्या सगळ्या रूम खोकायला लागल्या. मालकीणबाई तिथल्याच जुन्या गावकऱ्यांतल्या. दारात येऊन म्हणाल्या, "आगं बाय, काय पेटवलंस? आमी काय मरावं व्हय?" मला गावाची अशी आठवण आली की मी तिथंच रडायला लागले. त्या घाबरल्या, म्हणाल्या, "न्हाई न्हाई, तसं न्हाई, खा तू, खा." आणि वाटीभर ठेचा घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरात कुणाचंच पोट ठिकाणावर नव्हतं, पण वाटी परत आली ती "आजून हाय का" विचारतच.

त्या ठेच्यानं मला इथं जागा दिली. यांच्या कंपनीतल्या लाइनवरच्या पोरांनी यांचा डबा चाखला आणि एकेक जण विचारायला लागला, "वहिनी, थोडं तिखट करून द्याल का?" कुणी बीडचं, कुणी लातूरचं, कुणी जळगावचं. प्रत्येकाला वाटायचं खरं तिखट आपल्याकडचंच, बाकीचे नुसता रंग खातात. आईला एसटी स्टँडवरच्या बूथवरून फोन लावून विचारायचे, धने किती, खोबरं किती. ती कधी माप सांगायचीच नाही. "वास बदलला की काढ." कसा बदलतो? "बदलतो." एवढ्यावर मी शिकले. पुढं वन बीएचके झाला, एक्झॉस्ट फॅन आला, व्हॉट्सअॅपवर ऑर्डरी यायला लागल्या. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मिरच्या फक्त गच्चीवर भाजायची परवानगी दिली, ती पण रविवार सोडून. दर उन्हाळ्यात सुट्टीला माहेरी जायचे, आई माझं तिखट चिमटीनं जिभेवर ठेवायची आणि म्हणायची, "हां. जवळ आलीस." पोचलीस असं कधीच म्हणाली नाही.

मग तिच्या गालात गाठ निघाली. आयुष्यभर मिश्री लावली, दुसरं काय होणार. वडील तोवर गेले होते. ऑपरेशन आणि रेडिएशनचा शेक, दोन्ही इकडंच करायचं ठरलं, म्हणून दादानं तिला माझ्याकडं आणून सोडलं. शेकानं तोंड आतून सोलून निघालं. जिच्या हाताखालून खंडीभर मिरच्या गेल्या, तिला साधं वरण झोंबायचं. डॉक्टर म्हणाले, मऊ द्या, गार द्या, तिखट नाही, धूर नाही, ठसका तर अजिबात लागू देऊ नका.

मी काय केलं ते नीट सांगते, कारण यावरूनच सगळं रामायण झालं. मी घरातली फोडणी बंद केली. ऑर्डरी बंद, तसं स्टेटसलाच टाकलं. तिखटाचे डबे माळ्यावर गेले. आईला एकटीला आळणी वाढायचं आणि आपण तिच्यादेखत रस्सा ओरपायचा, हे मला जमण्यासारखं नव्हतं. म्हणून सगळ्या घराला उकडलेलं. माझी पोरं तोंडं वाकडी करायची. हे कँटीनमध्ये मिरची मागून घ्यायचे आणि सेकंड शिफ्टवरून आले की साधुपुरुषासारखे दूधभात जेवायचे. यात माझं काय चुकलं, ते आजही कुणी सांगावं मला.

आई मात्र दिवसेंदिवस मिटत गेली. आधी वाटीभर पेज जायची, मग अर्धी, मग दोन चमचे. हॉलमधल्या दिवाणावर पडून स्वयंपाकघराकडं कान लावलेली असायची. आम्ही आपापसात हळू बोललो की तिची नजर आमच्या तोंडावर फिरायची. मला वाटायचं, दुखणं बोलतंय.

एका दुपारी तिनं मला जवळ बसवलं. शब्द नीट उमटत नव्हते, तरी विचारलं, "मंगल, कोण गेलं गं?"

"कुठं कोण गेलं?"

"लपवू नका माझ्यापासून. इतके दिस झाले, घरात मोहरी तडतडली न्हाई."

आमच्याकडं घरात माणूस गेलं की सुतक फिटेपर्यंत चुलीवर फोडणी पडत नाही. शेजारणीला सांगावं लागत नाही, वास आला नाही की तिला कळतं. आई इतके दिवस तेच समजून पडली होती. गावाकडं कुणीतरी गेलंय आणि आजारी बाईला धक्का नको म्हणून आम्ही तोंडं बंद ठेवलीत, असं. तिला दादाचंच वाटत होतं. मी तिथल्या तिथं फोन लावला. दादा शेतात होता, म्हणाला, "बरा हाय की गं आई, मला काय धाड भरलीय?" तिनं एकेकाचं नाव घेऊन विचारलं. चुलता, चुलती, आत्या, पार लांबची भावकी. सगळे होते. तिनं फोन माझ्या हातात परत दिला.

"मग कुणाचं सुतक धरलंय हे?"

"आई, कुणाचं नाही. तुला ठसका सोसत नाही ना, म्हणून."

"म्हंजे माझंच," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून निजली.

मी खूप ओरडले त्या दिवशी. आजारी माणसावर ओरडू नये, कळतं मला. पण तुझ्यासाठी तोंडची चव सोडली, धंदा सोडला, आणि तू मला हे ऐकवतेस? दुसऱ्या दिवशी मी वरण उतरवलं आणि कढल्यात तेल टाकलं. मोहरी, जिरं, लसूण, आणि वरून चमचाभर काळं तिखट. चर्र झालं, सगळं घर खोकलं. आई तर गळा दोन्ही हातांनी धरून इतकी खोकली की मी गॅस बंद करून धावले. तिनं पाण्याचा घोट कसाबसा उतरवला, डोळे पुसले आणि म्हणाली, "लसूण करपवलास."

महिनाभरात तिनं मला पहिल्यांदा नावं ठेवली होती. त्या दिवशी तिनं आपली पेज संपवली.

मग ती दिवाणावरून उठून स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसायला लागली. मी ऑर्डरी परत घेतल्या. गच्चीवर भाजून आणलेलं ती नुसतं हुंगायची. दगडफूल जास्त झालंय. खोबरं कच्चं हाय. तीळ कुठून आणलेस, खवट हायेत. जिभेला काही लावता येत नव्हतं, पण नाक शाबूत होतं. ठसका लागायचा, रोज लागायचा, आणि तो तिला आतून फाडत होता हे मला दिसत होतं. हे म्हणाले, "मंगल, तिला त्रास होतोय गं." मी कढई उतरवायला गेले की ती हातानंच खुणवायची, राहू दे. डॉक्टरांना मी खरं ते सांगितलं. त्यांनीही मला खरं ते सांगितलं, दुखणं मानेत उतरलंय, आता करण्यासारखं फार नाही. हे मी दादाला फोनवर दोनदा बोलले. त्यानं ऐकलं की नाही, देव जाणे.

तो भेटायला आला तेव्हा मिरचीच वाटत होते मी. आई दारात बसून वाकून वाकून खोकत होती. त्यानं पिशवी खाली ठेवली नाही. "मारायला आणली व्हय हिला इथं?" म्हणाला. मी सांगत होते, तो ऐकत नव्हता. आई काहीतरी बोलायला गेली आणि तिला परत खोकला आला. झालं. दुसऱ्या दिवशी गाडी बोलावून तो तिला गावाला घेऊन गेला. गाडीत बसताना तिनं माझा हात हुंगला. हाताला तिखटाचा वास होता.

गावाकडं वहिनीनं तिची फार उस्तवार केली, त्यात खोट काढणार नाही. मागची खोली दिली, दार लावून घेतलं, चूल लांब परसात नेली. मी फोन करायचे तेव्हा आई विचारायची, "काय केलंस आज?" मी शेवग्याची आमटी सांगायचे, वांगं सांगायचे. एकदा फोन स्पीकरवर टाकून कढईपाशी धरला. मोहरी तडतडली. तिकडून आवाज आला, "आता घाल तिखट." मी घातलं. ती ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "हितं बी धरलंय गं." मी दादाला सांगितलं, एकदा तिच्या खोलीशेजारी फोडणी दे, नुसता वास येऊ दे. त्यानं फोन ठेवला.

पावसाळा संपता संपता आई गेली. शेवटी पाणीसुद्धा घेत नव्हती म्हणे. मी पोचले तेव्हा तिला अंघोळ घालून झाली होती. आलेल्या बायकांसमोर दादा म्हणाला, "हिच्या तिखटानं आईचं नरडं फाटलं." कुणी काही बोललं नाही. तुमच्यातल्याही काही जणी होत्या तिथं. मीच बोलू शकले असते, पण आई आत पडली होती आणि तिच्यासमोर भांडावंसं वाटलं नाही.

खरं काय, मला माहीत नाही. ठसक्यानं तिचे चार दिवस कमी केले असतील. करू देत. ती माझ्या दारात बसून मला नावं ठेवत होती तेव्हा जिवंत होती, हे मी कोर्टात उभी राहून सांगेन.

वर्षश्राद्धाला गेले होते. पंगत बसली, काळ्या तिखटाची आमटी आली. वहिनीनं केलेली, बरी होती वासाला, आईच्या जवळ आलेली. वाढपी माझ्यापाशी आला तेव्हा दादा लांबूनच म्हणाला, "तिला नको वाढू. तिला साधं वरण दे." भावकीनं माना खाली घातल्या आणि जेवायला लागली. मी वरणभात कालवला. त्याला फोडणी नव्हती. ताट रिकामं केलं, वहिनीला भेटले आणि दुपारच्या एसटीनं निघाले.

शेजारच्या सीटवर कुणी म्हातारी होती. तिनं विचारलं, "कुठलं गाव म्हणायचं, बाई?" एवढी वर्षं मी या प्रश्नाला आईच्या गावाचं नाव सांगत आले. तिला मी चिखली सांगितलं.