पुसेलेत्सोला सांगायची वाट

आमच्या हा-मोत्साने गावचं विमानतळ म्हणजे डोंगराच्या खांद्यावरची गवताची पट्टी. विमान दिसलं की तिथली गुरं हाकलायची, हे काम सव्वीस वर्षं माकोत्सोचं. मी शेजारच्या पत्र्याच्या खोलीत वायरलेस सांभाळतो आणि विमानात चढणाऱ्यांना वजनकाट्यावर उभं करतो. गावातल्या बायकांची वजनं मला पाठ आहेत. म्हणून त्या माझ्याशी जरा जपून असतात.

माकोत्सोची थोरली बहीण पुसेलेत्सो नदीपलीकडे लिफोकेंगला असते. विमानानं अडतीस किलोमीटर, चौदा मिनिटं. घोड्यावरून दोन दिवस. माकोत्सो घोड्यावरूनच जायची. आमच्याकडे आलेला माणूस आधी वाट सांगतो, मग पाणी पितो: कुठल्या गावात कोण गेलं, कोण जन्मलं, कोणाची सून रुसून माहेरी बसली. डोळे गेल्यापासून पुसेलेत्सोला जग दिसायचं ते बहिणीच्या या वाटेतूनच. पण दोन वर्षांपूर्वी माकोत्सोच्या गुडघ्यांनी घोड्यावर बसणं सोडलं, आणि ते दिसणंही थांबलं.

त्या मंगळवारी लिफोकेंगच्या नर्सचा निरोप आला. "म्हातारीनं तीन दिवस अन्न सोडलंय. बहिणीला पाठवा."

वैमानिक थाबांग औषधं घेऊन तिकडेच निघाला होता. माकोत्सो ब्लँकेट पांघरून, काखेत भोपळा घेऊन काट्यावर चढली आणि लगेच उतरली.

"मी नाही जात. तुझा घोडा दे."

"माझा घोडा मका आणायला उसना दिलाय. आणि गुडघे कुणाचे देऊ? चढ, भोपळ्याचं वजन तुझ्या नावावर नाही लिहीत."

"न्ताते, बाबा रे, थट्टा पुरे. ती विचारेल, वाटेत काय पाहिलंस? काय सांगू, ढग? मरायला टेकलेल्या बहिणीपुढे रिकाम्या तोंडानं जाऊ?"

थाबांगनं टोपी मागे सरकवली. "म्मे, आई, आज आभाळ स्वच्छ आहे. घोड्याच्या वाटेवरून नेतो, जमेल तितकं खालून. आठ मिनिटं जास्त लागतील. काच तेवढी पुसून बसा."

ती बसली. गुरं त्या दिवशी मी हाकलली. तिच्या शिट्टीला पळणाऱ्या गाई माझ्याकडे बघत निवांत रवंथ करत राहिल्या.

दुपारी मी वायरलेसवर विचारलं. नर्स म्हणाली, "दोघी अजून पहिल्याच गावात आहेत. सेतुमोच्या कुंपणावर लग्नात देतात तसलं नवं कोरं ब्लँकेट वाळत होतं म्हणे. त्याच्या घरात लग्न कुणाचं ठरलं, यावर भांडतायत. म्हातारी उठून बसलीय. अर्धी वाटी आंबील गेली पोटात."

"माकोत्सोला सांग, चारला विमान परत निघेल."

"सांगितलं. म्हणतात, नदी अजून ओलांडायचीय, त्याला जाऊ दे."

बावीस मिनिटांची वाट सांगून व्हायला दोन दिवस लागले. घोड्याला लागायचे तेवढेच.

शुक्रवारच्या विमानानं माकोत्सो उतरली. डोळे सुजलेले, पण चेहरा हलका.

"जेवते ती आता," म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. "न्ताते, तुझा पांढऱ्या कपाळाचा घोडा मका आणायला कुठे गेला होता?"

"नदीकडे."

"हो. नदीकाठच्या विधवा मापित्सोच्या दारात बांधलेला दिसला. मंगळवारी सकाळीच, पाठीवर ना खोगीर ना मक्याचं पोतं. उसना कुणाला दिलास ते कळलं आम्हाला. ते ऐकून पुसेलेत्सो इतकी हसली की नर्स धावत आली."

मी काटा पुसत राहिलो.