बोधाचा रुपया

१९३६ सालचा पौष. एका बालमासिकाने माझ्या पहिल्या गोष्टीचे तीन रुपये कबूल केले होते. शेवटी बोध हवा, एवढी अट होती. दरेकशाहून गोंदियाला येताना डब्यात एक म्हातारी आणि तिची नात एवढीच सोबत होती. म्हातारी गोष्ट सांगत होती आणि नात दर वाक्याला "हूं" म्हणून हुंकारा देत होती.

मला राहवले नाही. मी माझी गोष्ट वाचायला घेतली. पोरीने मलाही हुंकारा दिला. वाघ तळ्याच्या गाळात रुतला, शेळी निसटली आणि मी बोध सुरू केला, तशी ती गप्प झाली.

"अजून संपली नाही, बाळ," मी म्हणालो.

म्हातारीने सुपारी गालात सरकवली. "तुमची नसन संपली, भाऊ. तिची संपली. आता कोणाले सांगून राहिले?"

"मुलांनी शिकायला नको का?"

"शेळी वाचली, ते आयकलं ना तिनं? मंग परत कायले सांगता? येडी हाय का माही नात?"

गोंदिया येण्याआधी मी बोधाच्या सातही ओळी खोडल्या. संपादकांनी पत्राने बोध मागितला. मी नाही म्हणून कळवले. गोष्ट छापली गेली. मला शेवटी दोन रुपये आले. बोधाचा एक त्यांनी कापला. तो रुपया मी पुढेही कधी कमावला नाही.