माका

कांदिवलीच्या पोळी-भाजी केंद्रात वनमाला परबच्या पोळीला तोड नव्हती आणि तिच्या जिभेलाही. लग्न होऊन मुंबईत आली, तरी तिने मालवणी सोडली नाही. "माका जमता तसा मी बोलतंय," असं ती मालकीणबाईंनाही सुनवायची. नवरा जहाजावर, वर्षातून एकदा येणारा. घरात ती आणि मुलगी श्वेता. दोघींची भांडणं मालवणीत आणि लाडही मालवणीत.

श्वेता अकरावीत गेली. नव्या मुलांच्या ओळखीच्या कार्यक्रमात माइकसमोर तिची बोबडी वळली आणि "मला गाणं आवडतं" म्हणण्याऐवजी तोंडातून आलं, "माका गाणा आवडता." कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं, त्याला बकरीचा आवाज जोडला आणि इन्स्टाग्रामवर टाकलं. तेव्हापासून तिचं नाव पडलं माका. वर्गाच्या ग्रुपवर माका, कॅन्टीनमध्ये माका, अनोळखी पोरांच्या मेसेजमध्येही माका. गंमत म्हणे. एकाची होते आणि दुसऱ्याचा जीव जातो, ती कसली डोंबलाची गंमत?

श्वेता घरी काही बोलली नाही. फक्त मालवणी बोलायची थांबली आणि बांगड्याचं तिखलं समोर आलं तरी ताट बाजूला सारू लागली.

शेवटी शेजारच्या पद्मजाने व्हिडिओ दाखवला. "पोरं छळतायत गं तिला. तुला माहीत नाही?"

वनमालाने तो आपल्यालाही पाठवायला सांगितला. घरी येऊन तिने तो आपल्या फोनवर उघडला. इन्स्टाग्रामचं खातं तिला श्वेतानेच करून दिलं होतं, पाककृती बघायला. व्हिडिओखाली पिवळ्या तोंडांची रांग होती, प्रत्येकाच्या दोन्ही डोळ्यांत पाणी. वनमालाला भरून आलं. छळणारे असतील चार टवाळ, पण रडणारे किती आहेत. मग आईने मागे राहावं? तिनेही तसलीच तोंडं शोधून लावली आणि पदराने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी श्वेता दुपारीच परतली. आल्या आल्या तिने फोन आईपुढे धरला. कुणीतरी वनमालाच्या नावाभोवती लाल गोल काढून ग्रुपवर टाकलं होतं: माकाची आई पण हसली.

"आई, तू पण?"

"मी हसलंय?" वनमालाने फोन डोळ्यांजवळ नेला. "डोळ्यांतसून पाणी येता ना गो. माका वाटला, ता रडता."

"हसून हसून येतंय ते पाणी," श्वेता म्हणाली. मग तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. "आणि तो शब्द नको ना बोलूस. प्लीज."

आई खोटं बोलत नाही हे तिला कळलं होतं. पण कळून काय उपयोग, लागायचं ते लागलं होतं.

वनमाला कॉलेजात जाऊन सरांना भेटली. ते म्हणाले, थोडे दिवस फोन बंद ठेवायला सांगा. फोन बंद केला की वर्गातली तोंडं बंद होतात, असं त्यांना वाटत असावं. तिने खेटे घातले, तेव्हा कुठे व्हिडिओ निघाला. नाव राहिलं. श्वेता कॉलेजला जाते, शेवटच्या बाकावर बसते, विचारलं तरी बोलत नाही.

वनमालाने मात्र जिभेला वळण लावलं. पोळ्या लाटताना ती पुटपुटत सराव करायची. मला, मला. गेल्या आठवड्यात गावाहून तिच्या आईचा फोन आला. श्वेता कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसली होती. वनमाला तिच्याकडे बघत सावकाश म्हणाली, "मला बरं आहे. तू कशी आहेस?"

पलीकडे म्हातारीने दोनदा हॅलो, हॅलो केलं. मग म्हणाली, "कोण बोलता? माझ्या वनूक फोन दी."