मी मारलेला मुकादम

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, कतारमधल्या अल खोरच्या माझ्या स्वयंपाकघरात बसून, मी एका धडधाकट माणसाला मारलं. सहाशे शब्दांत!

फुटबॉल वर्ल्डकपचं मैदान आमच्याजवळच उभं राहत होतं, आणि मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात ऑनलाइन पत्रकारिता शिकत होते. गोऱ्यांच्या कॉलेजांची दारं बंद होती, तेव्हा कृष्णवर्णीयांसाठी निघालेलं हे जुनं विद्यापीठ. शेवटची असाइनमेंट: मैदान बांधणाऱ्या एका माणसाची ओळख. पास-नापास त्यावरच. मी बीडचा एक मुकादम गाठला. दोनदा बोलणं झालं, तिसऱ्यांदा गेले तर गायब. कंपनीच्या बसवरचे रत्नागिरीचे ड्रायव्हरचाचा म्हणाले, "मुकादम? तो खलास, वैनी."

मी रडले. मग डोळे पुसून असा मृत्युलेख लिहिला, की माझा मलाच गहिवर आला.

स्क्रीनवर सत्तरीच्या प्राध्यापिकाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "गेला, हे कोणी सांगितलं?"

"बसच्या ड्रायव्हरनं."

"ते डॉक्टर आहेत?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "आमच्या लोकांबद्दल जगानं न विचारता खूप लिहिलं. म्हणून इथे आधी विचारायचं. शुक्रवारपर्यंत खात्री कर, नाहीतर नापास."

मी चाचांना गाठलं. "मुकादम कशानं गेला हो?"

"कशानं म्हंजे? पिकअपनं! उम्म सलालला, नव्या साइटवर."

"मग खलास का म्हणालात?"

"इथलं काम खलास झालं ना त्याचं!"

बारा वर्षं कतारात काढून मी अरबी खलास, म्हणजे नुसतं 'संपलं', मराठीत ऐकलं होतं.

उम्म सलालला मयत एका व्हिलाच्या सावलीत डबा खात होता. रेकॉर्डर लावून मी त्याला त्याचाच मृत्युलेख वाचून दाखवला. घास हातात तसाच.

"शांत सोभावाचा? मी? लै तापट हाय, तसं लिवा. आन् चार पोरांला काम शिकवलं न्हाई, अकरांला." मग हळूच म्हणाला, "बाई, एक कॉपी बायकूला धाडा. जितेपणी तिनं एवढं गुण कवा गायलं न्हाईत."

मयतानं स्वतः दुरुस्त केलेला तो मृत्युलेख मी जसाच्या तसा वर्गाला ऐकवला. बाई चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या.

"पास! वर्गात पहिली. आता तो शब्द आम्हाला शिकव."

मी शिकवला. स्क्रीनवरच्या सगळ्या चौकटी एका सुरात ओरडल्या, "खलास!" आणि मी ओट्यापाशी उभी राहून, हातात झारा घेऊन, कमरेत वाकून मुजरा केला.