भावोजींची तीन मशिनं

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, अत्यंत सज्जन माणूस. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांना बरंच काही बोलणार आहे आणि मग उगाच कुणाचा गैरसमज नको.

त्यांची उभी हयात रेडिओ केंद्रात गेली. निवेदन वगैरे नाही हं. आतल्या खोलीत बसून टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. ते जुने, मोठ्या चकत्यांचे. एका चकतीवरून तपकिरी पट्टी सुटते, मध्ये आवाज उचलणाऱ्या हेडला घासून जाते आणि दुसऱ्या चकतीवर गुंडाळली जाते, ते. केंद्रानं ती मशिनं मोडीत काढली तेव्हा बाकीचे लोक खुर्च्या-टेबलं मागत होते. आमच्या भावोजींनी तीन टेपरेकॉर्डर मागून घेतले आणि घरातली हवेशीर खोली त्यांना देऊन टाकली. पाहुणे आले की झोपतात स्वयंपाकघरात. पाहुणे म्हणजे मीच.

तिघांना त्यांनी नावं दिली होती. पहिलं लाकडी पेटीतलं, व्हॉल्व्हचं, ते ‘आजोबा’. बटण दाबलं की लगेच काही होत नाही, आधी गरम होणार, तापलेल्या धुळीचा वास सोडणार, मग बोलणार. पण बोलले की असं वाटतं, कुणीतरी आपल्या अंगावर पांघरूण घालतंय. दुसरं चकचकीत, दोन काटे डोलवणारं, ते ‘साहेब’. साहेबांचा आवाज स्वच्छ, शब्दन्‌शब्द कडक इस्त्रीचा. आणि तिसरी ‘किरकिरी’. खांद्याला अडकवून बाहेरच्या मुलाखतींना न्यायची ती. तिच्यावर भावोजींचा फार राग. “हिच्यातून कोकिळा जरी बोलली ना, तरी वाटेल भांडायलाच आलीय,” असं म्हणायचे. मग ठेवली कशाला, असं मी विचारलं, तर म्हणे, तुलना करायला कुणीतरी वाईटही लागतं.

ही तुलना म्हणजे एक छळ होता. आलेल्या माणसाला भिंतीकडे तोंड करून बसवायचं, पाठीमागे एकच टेप तिन्ही मशिनांवर वाजवायची आणि विचारायचं, “बोला मेहुणीबाई, एक, दोन की तीन?” मी काहीही न ऐकता “दोन” म्हणायचे. लवकर सुटका व्हायची.

टेप मात्र कायम एकच. ताईच्या आवाजाची. इतरांकडे तपासणीसाठी खास टेपा असतात, सुरांच्या, शिट्ट्यांच्या. यांचं म्हणणं, परक्या आवाजात मशीन लबाडी करतंय की नाही हे कसं ओळखायचं? हिचा आवाज मला पाठ आहे. त्यामुळे लग्न झाल्यापासून जे मशीन दुरुस्त होईल त्याच्यासमोर ताईला बसवायचं आणि सांगायचं, बोल काहीतरी. टेप तीच, आधीचं पुसून त्यावर नवं. आता बोल म्हटल्यावर माणसाला काय सुचणार? टेपेवर ताई खणखणीत आवाजात सांगतेय, साबण संपलाय, मागचा दिवा गेलाय, आणि तुम्ही हे काय मांडून बसलाय. ताई प्राथमिक शाळेत शिकवायची. एका वर्गात शिकवायला लागली की शेजारच्या वर्गालाही फुकटात धडा मिळायचा. आमच्या घराण्यात बायकांचे आवाज तसेच. माझाही ऐका कधी.

मग ताईच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, आम्ही हुश्श केलं. पण आवाजाची एक नस त्यात गेली. तसं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. उरली ती नुसती कुजबुज. दाराच्या फटीतून वारा येतो ना, तसा आवाज.

मी राहायला गेले ते ती घरी येऊन बरेच महिने झाल्यावर. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की या घरात काहीतरी बिनसलंय. ताई माझ्याशी बोलत होती, तिच्या त्या कुजबुजीत का होईना, पण सासवा-सुना, शेजारपाजार, सगळं. भावोजी खोलीत आले की तोंड मिटायचं. त्यांना वाढताना नुसती खूण. चहा झाला की कपावर चमचा वाजवायचा. आणि भावोजी? खाली मान घालून जेवायचे आणि उठून मशिनांकडे. दिवसभर आतून ताईचाच जुना आवाज. साबण संपलाय, साबण संपलाय, साबण संपलाय. बाहेर खरीखुरी ताई भाजी निवडत बसलेली, ओठ घट्ट मिटून.

“भांडलात की काय?” मी ताईला विचारलं.

तिनं आधी टाळलं. मी खनपटीलाच बसले तेव्हा म्हणाली, “त्यांना माझा आवाज सोसत नाही गं.”

“काहीतरीच काय!”

“काहीतरीच नाही. दवाखान्यातून आले तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि उठून गेले. दुसऱ्यांदाही तेच. मग एकदा पाठीमागे उभी राहून हाका मारल्या. वळूनसुद्धा बघितलं नाही. त्यांचा कान कसा आहे तुला माहीत आहे ना? पंखा जरा कुरकुरला तरी झोप उडते त्यांची. आणि मी ही अशी. खरखर नुसती.” तिनं हातातली शेंग मोडली. “तो आवाज ऐकत बसतात ना आतमध्ये, बसू देत. मला काही हा आवाज त्यांच्या कानात घालायचा नाही.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बाईनं या माणसाच्या पसाऱ्यासमोर आयुष्यभर ‘बोल काहीतरी’ म्हटलं की बोलून दाखवलं, तिनं आता त्याच्यासमोर गप्प बसायचं? का, तर याच्या कानाला त्रास होतो! मी पदर खोचला आणि गेले आत.

भावोजी आजोबांसमोर मांडी घालून बसले होते. हातात बारीक स्क्रू-ड्रायव्हर, शेजारी स्पिरिटची बाटली, कापूस. मी तोंड उघडणार एवढ्यात तेच म्हणाले, “बरं झालं आलात. बसा. भिंतीकडे तोंड करा.”

“मी काही तुलना करायला आलेली नाही.”

“एकदाच, मेहुणीबाई. माझी मती गुंग झालीय. तिघंही एकदम बिघडलीत. हिचा आवाज दबलाय. आधी वाटलं हेड मळलं, तीनतीनदा पुसलं. मग वाटलं हेड तिरकं झालं, स्क्रू फिरवून बघितला. ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, पार शेवटाला नेलाय. तरी दबलेलाच. टेपच खराब झाली असेल तर संपलंच. हिचा आवाज एवढाच उरलाय हो जगात.”

शेवटचं वाक्य असं म्हणाले की माझा राग जरा अडखळला. मी बसले भिंतीकडे तोंड करून. त्यांनी टेप सोडली आणि मी दोन्ही कानांवर हात दाबले. काय तो आवाज! साबणातला स म्हणजे कुणी कानात कुकरची शिट्टी सोडावी तसा. दात शिवशिवले माझे.

“बंद करा! कानठळ्या बसल्या! हे काय सगळं स-स-स-स!”

भावोजींचा हात थांबला. “स? कुठाय स?”

“कुठाय काय? स-शिवाय दुसरं काही आहे का त्यात?”

“मी तर महिनोन्‌महिने तो स शोधतोय,” ते म्हणाले.

मी वळून बघितलं. ते चेष्टा करत नव्हते. पुन्हा मशीनला कान लावून, डोळे मिटून ऐकत होते, आणि चेहऱ्यावर हरवल्यासारखा भाव. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी काही शिकलेली नाही त्यातलं, पण आमच्या शेजारच्या वकिलांचं असंच झालं होतं, फोनची घंटी ऐकू यायची नाही आणि ढोल मात्र ऐकू यायचा. टेप संपून खोली शांत झाली, तशी मी हळूच उठले, भावोजींच्या पाठीमागे गेले आणि अगदी कुजबुजत म्हटलं, “भावोजी, तुम्ही महामूर्ख आहात.” काही नाही. “भावोजी, तुमच्या मशिनांना आग लावते.” ढिम्म! मशिनांना आग म्हटल्यावरही जो माणूस वळत नाही, त्याला ऐकूच येत नाही, यात शंका कसली?

मग मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, “भावोजी!”

“काय?” ते लगेच वळले.

“मशिनं ठणठणीत आहेत. बिघडलेत ते तुमचे कान. वरचे आवाज तुम्हाला येत नाहीत.”

असे चिडले म्हणता! माझे कान? अख्खं केंद्र माझ्या कानावर चालायचं! मोठमोठे गवई विचारायला यायचे, आवाज बरोबर आलाय का! तुम्हाला काय कळतं, तुम्ही तर कायम ‘दोन’ म्हणता! म्हणजे ते यांना माहीत होतं तर. मी काही ऐकून घेणाऱ्यातली नाही. म्हटलं, “तुमचे कान तुमच्यापाशी. पण ताईला वाटतंय की तिची खरखर तुम्हाला सोसत नाही, म्हणून ती तुमच्यासमोर तोंड उघडत नाही. तिनं हाका मारल्या आणि तुम्ही वळला नाहीत.”

भावोजींनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. “हाका? कोणी मारल्या?”

“ताईनं.”

“पण ती बोलू कुठे शकते?” ते म्हणाले. “आवाज गेलाय ना तिचा. नुसते ओठ हलतात.”

मी त्यांच्यासमोर खाली बसले. म्हटलं, “अहो, बोलते ती. दिवसभर बोलते माझ्याशी. बारीक आवाजात बोलते.”

“बोलते?” त्यांनी पुन्हा विचारलं. “काय काय बोलते?” आणि ते रडायलाच लागले. मोठा माणूस, पांढरे केस, हातात स्पिरिटचा कापूस, आणि लहान मुलासारखा रडतोय. माझाही धीर सुटला. एवढी चीड घेऊन गेले होते, तिचं पाणी पाणी झालं.

पण माणूस कारागीर. नाक पुसलं आणि उठलाच. कपाटातून मायक्रोफोन काढला, हेडफोन काढले, वायरी झटकल्या. “मशिनात बोलली तर वाढवून घेता येईल,” स्वतःशीच पुटपुटले. “तिला बोलवा.”

ताई येईना. “यंत्रात बोलायला मी काय सर्कशीतली आहे? त्यांना तपासणीच करायची असेल माझी.” मी सगळं सांगितलं तरी तिला खरं वाटेना. कितीतरी दिवस मनाशी घट्ट धरून ठेवलेलं दुःख असं कुणी एका झटक्यात काढून घेतलं की माणूस आधी चिडतो. शेवटी मी तिला हाताला धरून ओढतच नेली.

ती त्यांच्याकडे पाठ करून बसली. मायक्रोफोन हातात दिला. भावोजींनी हेडफोन कानावर चढवले आणि मायक्रोफोन आधी आजोबांना जोडला. ताई काहीतरी कुजबुजली. भावोजी डोळे मिटून ऐकत राहिले, मग मान हलवली. आजोबांच्या उबेत तिची कुजबुज बुडून गेली होती. मग साहेब. काटे डोलले, म्हणजे आवाज आत जात होता, पण त्यांच्या कानापर्यंत पोचेना. ताईनं मायक्रोफोन मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. सांगितलं होतं ना तुला, असं त्या बघण्यात होतं. 

राहिली किरकिरी. भावोजींनी तिला जवळ ओढली. तिचा तो गुण, ज्याच्यावर ते नाक मुरडायचे, मधले सूर पुढे काढून कानावर आपटायचा, तोच काय तो आता उरला होता. वायर बसवली. बटण फिरवलं. आणखी फिरवलं.

“बोल काहीतरी,” ते म्हणाले.

ताईनं मायक्रोफोन ओठांशी नेला. मला दारात एक अक्षर ऐकू आलं नाही. पण भावोजी एकदम ताठ झाले.

“आलं! आलं गं, बोल!” केवढ्यानं ओरडले! कानावर हेडफोन चढवलेल्या माणसाला आपण ओरडतोय हे कळत नाही. समोरच्या शिंप्यानं शिलाईचं मशीन थांबवून खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

ताई बोलत राहिली. तिचे खांदे हलत होते. भावोजी ओरडून उत्तरं देत होते. “नाही गं! वीट कसला? वेडी की काय!” मग थोड्या वेळानं, “अगं, तुझ्यासमोर रडायला नको म्हणून उठून जायचो!” मी खिडकी लावायला गेले. मग म्हटलं राहू दे, ऐकू देत शिंप्याला. गल्लीला ऐकू दे.

ताईनं मध्येच काहीतरी विचारलं. फार हळू विचारलं असावं, कारण भावोजींनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले आणि म्हणाले, “परत विचार.”

तिनं परत विचारलं. विचारताना आजोबांवर चढवलेल्या तिच्या जुन्या टेपेकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या गळ्याकडे, तेव्हा मला समजलं ती काय विचारतेय ते.

“म्हणजे काय, हाच!” भावोजी खच्चून ओरडले. “त्या टेपेला मी रोज काय काय विचारतो गं. एकदा तरी उत्तर दिलंय का तिनं?”