नऊ कोऱ्या जागा

नथ्थूजी जे जुळवायचे त्याच्याशी भांडायचे. एका हातात ओळ लावायची लोखंडी पट्टी, दुसऱ्या हाताने खणांतले अक्षरांचे शिशाचे खिळे उचलायचे आणि तोंडाने त्या मजकुराला उलट उत्तरं द्यायची. लग्नपत्रिका आली की म्हणायचे, "पोराचं शिक्षन दोन ओळी लिवलं. पोरगी का शायेच्या दारावरून बी गेली नाही?" काढ्याची जाहिरात आली की, "साऱ्या रोगाईवर एकच दवा, अन् वैद्यबुवा सोता खोकलून राहिले." अमरावतीच्या त्या छापखान्यात मी सुटीत प्रुफं वाचायला जायची. शाळेत मास्तरीण, तेव्हा चुका काढायची खोड होतीच. पहिल्या दिवशी मला वाटलं, हा माणूस माझ्यावरच खेकसतो आहे. मशीनवाला म्हणाला, "तुमच्यावर नाही बाई, मजकुरावर."

उंच, काटक माणूस. बोटांची टोकं कायम काळी. नागपूरला जाऊन दीक्षा घेतली त्याला तीन-चार वर्षं झाली होती. आल्याबरोबर मुलीचं नाव बदलून सुजाता ठेवलं. सुजाता पाचवीत होती आणि दर वर्षी पहिली यायची. तिचा निकाल लागला की नथ्थूजी साऱ्या छापखान्याला चहा पाजायचे. आमचे मालक नानासाहेब तो घ्यायचे, पण उभ्या उभ्या.

नानासाहेबांच्या वडिलांनी काढलेलं मुलांच्या गोष्टींचं एक जुनं पुस्तक होतं. मी लहानपणी ते इतकं वाचलं की पानं सुटली होती. सुजाताच्याच शाळेने बक्षीस समारंभासाठी त्याच्या प्रती मागवल्या, पण अट घातली की काळ बदलला आहे, आक्षेपार्ह शब्द काढा. तसे शब्द एकाच गोष्टीत होते. पाटलाचा हुशार मुलगा आणि त्याच्या वाड्यावर राबणारा, गूळ चोरणारा एक मठ्ठ पोरगा. त्या पोराला नावच नव्हतं. दीक्षेआधी नथ्थूजी ज्या जातीत जन्मले त्या जातीच्या नावानेच त्याला हाक मारलेली, एकंदर नऊ वेळा. शेवटी त्याला बारा कोरडे मारतात आणि सगळा गाव हसतो. लहानपणी मीही हसले होते.

नानासाहेबांनी पुस्तक माझ्यापुढे टाकलं. मी पेन्सिल घेतली, नऊ ठिकाणी तो शब्द खोडला आणि वर 'नोकर' लिहिलं. दहा मिनिटांत समाजसुधारणा उरकल्यासारखं वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी प्रूफ आलं ते भोकं पडल्यासारखं. नऊ जागा कोऱ्या. मी कागद घेऊन नथ्थूजींकडे गेले.

"चूक नाही, बाई," ते म्हणाले. "तिथं काय लावू तेच समजून नाही राहिलं."

"नोकर लिहिलंय ना मी."

"गावात नोकर कोन रायते ते लेकराईले बी समजते. शब्द पुसला तुमी, मार तं तसाच ठेवला."

आवाज ऐकून नानासाहेब बाहेर आले. "नोकर नको तर दुसरी एखादी जात घाला, त्यात काय एवढं?" असं म्हणून त्यांनी एक नाव सुचवलंही. मशीनवाला नेमका त्याच जातीचा. त्याने चालू मशीन थांबवलं. नानासाहेब खाकरले आणि त्यांनी दुसरं नाव घेतलं. ते माझ्या जातीचं होतं. "अहो, छे, ते कसं चालेल?" मी लगेच म्हणाले. माझ्या तोंडून ते इतकं पटकन निघालं की मलाच ऐकून लाज वाटली.

नथ्थूजींनी शांतपणे विचारलं, "मंग तुमची लावू का, मालक?"

"नथ्थू, तुझं काम जुळवायचं," नानासाहेबांचा चेहरा लालबुंद झाला होता. "विचार करायचं नाही."

"तेच करत आलो. याची आंधीची आवृत्ती बी याच हातानं लावली. नऊ डाव माह्या बापाच्या जातीचं नाव लावलं, अन् शेवटी बारा कोरडे बी लावले. तवा तोंड उघडलं नाही. घरी जाऊन जेवलो. तवापासून मी गप राहून एक ओळ लावली नाही."

"मग तुमचं म्हणणं तरी काय?" मी विचारलं.

"दोन रस्ते हायेत. एक तं गोष्टच काढा. नाही तं जशी व्हती तशी छापा, अन् तिच्या आंधी एक पान टाका, का हे आमी छापलं व्हतं, आमी चुकलो. ते पान मी फुकट लावून देतो."

"माझ्या वडिलांचं पुस्तक आहे ते," नानासाहेब म्हणाले. "बक्षिसाच्या पुस्तकात माफी छापू?"

नथ्थूजींनी वाद वाढवला नाही. जुळवलेली गोष्ट सोडवली, एकेक खिळा त्याच्या त्याच्या खणात परत टाकला, हात धुतले. काम सोडून जाताना माझ्यापाशी थांबले. "ते पान तुमी लिवा, बाई. तुमाले लिवता येते." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पुस्तक 'नोकर' घालूनच निघालं. पाचवीतला पहिला नंबर म्हणून सुजाताला तेच बक्षीस मिळालं.

नथ्थूजींना अकोल्याच्या एका छापखान्यात काम मिळालं. दिवाळीनंतर एका लग्नाला मी अकोल्याला गेले तेव्हा त्यांच्या घरी गेले. सुजाता ओट्यावर दोन पुस्तकं शेजारी शेजारी उघडून बसली होती, बक्षिसाचं नवं आणि बापाने जुळवलेलं जुनं. ती ओळीवर बोट ठेवून दोन्ही ताडून पाहत होती. मला राहवलं नाही.

"नथ्थूजी, लहान पोर आहे. तिला ते जुनं कशाला वाचायला देता?"

"पानी आनाले विहिरीवर जाते तवा तिले हेच ऐकू येते, बाई. तिथं कोनी नोकर म्हनत नाही. पुस्तकातून पुसलं, तं तिले वाटन आपल्याच कानाले भास झाला. तिले माहीत असू द्या, का हे लिवनारे व्हते, छापनारे व्हते, अन् लावनारा तिचा बाप व्हता." मग म्हणाले, "ते पान लिवलं का?"

मी शाळेचं सांगितलं, परीक्षेच्या पेपरांचं सांगितलं, घरच्या आजारपणाचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बसा," ते म्हणाले. "च्या घेऊन जा."

पुढे दोन वर्षांनी सुजाताचं पोस्टकार्ड आलं. अक्षर बापाच्या खिळ्यांसारखं सुटं आणि सरळ. 'बाबा गेले. ते पान तुमच्याकडे आहे असं शेवटपर्यंत म्हणत होते.' मी कार्ड हातात घेऊन रडले, आणि त्याच आठवड्यात पान लिहून नानासाहेबांकडे नेलं. त्यांनी वाचलं, पेपरवेटखाली ठेवलं आणि पुढची आवृत्ती त्याशिवाय काढली. तीही खपली.

म्हणून ते पान इथे लिहिते. नानासाहेबांना आवडणार नाही, न आवडो. ती गोष्ट आम्ही छापली. त्या मुलाला आम्ही नावसुद्धा दिलं नाही, त्याला मारलं आणि हसलो. पुढे लाज वाटली तेव्हा शब्द तेवढा पुसला आणि मार ठेवला. आम्ही चुकलो. प्रूफ मी वाचलं होतं.