जावेच्या मनगटावरचं घड्याळ

माझ्या मुलीने तिच्या काकूला घड्याळ पाठवलं आणि मला पाठवलं नाही. गोष्ट एवढीच आहे, पण ती सांगायला बसले की अजूनही माझा आवाज चढतो. ह्यांना तो ऐकवत नाही, म्हणून लिहून काढते आहे.

काकू म्हणजे माझी धाकटी जाऊ. पंचवीस वर्षं एकत्र राहून आम्ही वेगळे झालो; आता आमचं घर जबलपूरच्या गोरखपुरात, तिचं महाराजपुरात, आणि मध्ये अख्खं शहर. सासरे फॅक्टरीत होते, दोघे मुलगेही फॅक्टरीतच लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. तिला मूलबाळ झालं नाही. मी शाळेत शिकवायला जायचे तेव्हा माझी मुलगी दिवसभर तिच्यापाशी असायची, तिच्या स्कूटीवर पुढे उभी राहून सगळं शहर हिंडायची. मला तेव्हा ती मोठी सोय वाटली. मुलगी आता बंगळुरूला नोकरी करते, आणि त्या सोयीची फळं मी अजून खाते आहे.

घड्याळ मी पहिल्यांदा पाहिलं ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, माझ्याच घरी. तिने कुंकू लावून घ्यायला मान पुढे केली आणि हात मांडीवर ठेवले. उजव्या हातात कोपरापर्यंत जातील इतक्या बांगड्या, आणि डाव्या हातात एकही नाही. त्या हातावर नुसता एक काळा चौकोन आणि गुलाबी पट्टा. बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. माझं वाण ताटात तसंच पडून राहिलं.

"कोणी दिलं?" एकीने विचारलं.

"लेकीने पाठवलं," ती म्हणाली.

कोणाच्या लेकीने, ते नाही सांगितलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिळगुळाचा डबा पुढे करत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "सवाष्ण बाई डावा हात मोकळा ठेवून हळदीकुंकवाला आली. नवीनच पद्धत दिसते महाराजपुरात."

बायका हसल्या. तीही हसली. तिचं हेच मला कधी सहन झालेलं नाही, की ती टोमण्यालाही हसते.

"बांगड्या असल्या की हे नीट मोजत नाही ना, ताई," ती म्हणाली. "म्हणून डाव्या हाताच्या उजव्या हातात घालून टाकल्या. हिशोब बरोबर."

त्या आठवड्यात मुलीशी फोनवर बोलताना मी आडून विषय काढला. म्हटलं, काकूचं घड्याळ छान आहे हो. तिने विचारलं, "तुला पण पाहिजे का, आई?"

"मला कायले पाहिजे? मला काही नको."

"अच्छा, ठीक आहे," ती म्हणाली आणि दुसरं काहीतरी बोलायला लागली.

आमच्या घरात "मला काही नको" म्हणजे "अजून एकदा विचार" असं असतं. माझी आई तसंच बोलायची, सासूबाईही तसंच बोलायच्या आणि शेवटी साडी घ्यायच्या. ही मुलगी माझ्याच पोटची, पण बंगळुरूला गेल्यापासून पहिला नकार खरा धरायला लागली आहे.

बरं, घड्याळ देऊन झालं, तर विषय संपावा. तर तेही नाही. ते घड्याळ काय काय मोजतं ते सगळं म्हणे मुलीला तिच्या फोनवर दिसतं. माझ्याशी बोलता बोलता ती मध्येच म्हणायची, "थांब आई, काकूची रात्रीची झोप काही ठीक दिसत नाहीये, जरा तिला फोन करते." आणि फोन बंद. मी रात्र रात्र छताकडे बघत काढते, त्याची बातमी बंगळुरूपर्यंत कशी पोचणार? जावाजावा आणि उभा दावा म्हणतात, पण माझा दावा जावेशी नव्हताच मुळी. मला हवी होती माझी मुलगी. मध्येच फोन ठेवून जिची चौकशी करायला ती धावते, ती बाई मला व्हायचं होतं.

म्हणून मी घड्याळ घ्यायचं ठरवलं, स्वतःचं, स्वतःच्या पेन्शनमधून. हे म्हणाले, "भिंतीवर दोन आहेत, फोनमध्ये एक आहे, अजून किती वेळ बघायची आहे तुला?" मी मुलीला कळवलं, आणि ती खूष झाली. तिने मला नीट समजावून सांगितलं. तुझं मनगट बारीक आहे तर लहान डायल घे. दिवसभर हात पाण्यात असतात तर पाणी चालेल असं घे, बॅटरी आठवडाभर टिकणारं घे, नाहीतर तू चार्ज करायला विसरशील. बाहेर आलेलं बटण नको, बाजू सपाट असलेलं बघ. आणि ते दाखवेल ते डॉक्टरचं बोलणं समजू नको. मी सगळ्याला हो म्हटलं.

गोरखपूरच्या बाजारात मोबाइलचं दुकान आहे, तिथे गेले. दुकानदाराने काचेवर एकाशेजारी एक घड्याळं मांडली. कुठलं रक्तातला ऑक्सिजन सांगणारं, कुठलं फोन उचलणारं, कुठलं नुसतं पावलं मोजणारं आणि त्यातल्या त्यात स्वस्त. त्याने सभ्यपणे विचारलं, "आंटी, किस काम के लिए चाहिए? वॉकिंग, बीपी, नींद?"

खरं कारण त्याला काय सांगणार! मी म्हटलं, "भैया, वो चौकोर वाली मत दिखाओ, कोई बड़ी दिखाओ."

त्याने एक लहानसं, सपाट बाजूंचं घड्याळ माझ्या मनगटावर ठेवलं. अगदी मुलीने सांगितलं होतं तसं. हलकं होतं, हातावर छान बसलं, आणि लांबून कोणाला दिसलं नसतं. मी ते परत केलं. मग त्याने एक गोल काढलं, पुरीएवढं, सोनेरी कडेचं, बाजूला जाडजूड बटण. तो म्हणालासुद्धा, "ये तो जेंट्स में ज्यादा जाती है, आंटी." मी म्हटलं, हेच द्या.

घरी आल्यावर मुलीने व्हिडिओ कॉलवर सगळं लावून दिलं. तिने घड्याळ कॅमेऱ्याजवळ धरायला लावलं. मग म्हणाली, "चलो, तुला आवडलं ना." बटण सारखं सारखं दाबलं की संकटाचा निरोप कोणाला जायला हवा, तो नंबर टाकायचा होता. मी तिचाच सांगितला. ती म्हणाली, "मी इथून काय करणार, आई? बाबांचा फोन तर उशीखाली असतो. काकूचा टाक, ती लगेच येईल." पोटात दुखलं, पण टाकला.

आता प्रश्न बांगड्यांचा. संक्रांतीला चार बायकांसमोर मी जे बोलले होते त्यानंतर माझा डावा हात मोकळा दिसणं शक्यच नव्हतं. मी घड्याळ मनगटावर बांधलं आणि पाटल्या आणि काचेच्या बांगड्या त्याच्यावर, कोपराच्या बाजूला सारल्या. त्या काही तिथे थांबायच्या नाहीत, हात खाली गेला की घरंगळत येऊन घड्याळावर बसायच्या. घड्याळ कधी माझी नाडी सापडत नाही म्हणायचं, आणि कधी मी उभ्या जागी आरतीला टाळ्या वाजवल्या की छान चाललात म्हणून शाबासकी द्यायचं. मी त्या शाबासकीचा फोटो मुलीला पाठवला. तिने उलट एक अंगठा पाठवला. काकूला फोन, आणि आईला अंगठा.

होळीच्या दिवशी पुरण शिजवून झालं होतं आणि मी कणीक तिंबत होते. पुरणपोळीची कणीक तेलपाणी लावून जोर काढून तिंबावी लागते, दोन्ही हातांनी. हे दिराकडे पत्ते खेळायला गेले होते, फोन आतल्या खोलीत चार्जिंगला, आणि शेजाऱ्यांकडे होळीची गाणी लाऊडस्पीकरवर. हात कणकेत दाबला की बांगड्या पुढे येत होत्या आणि मनगटात टोचत होत्या. घड्याळही मधून थरथरत होतं. मला वाटलं, देत असेल शाबासकी.

कणीक झाकून ठेवत होते तेवढ्यात दार जोरजोरात वाजलं. उघडलं तर जाऊ. पायात घरातल्या सपाता, केस अर्धे सुटलेले, आणि मागे ऑटोवाला पैशांसाठी उभा.

"काय झालं, ताई? पडल्या का तुम्ही?"

"मी? मी कशाला पडू? कणीक मळून राहिली होती."

"तुमचा निरोप आला ना, मदत पाहिजे म्हणून. किती फोन केले, तुम्ही उचलूनच नाही राहिल्या. भाऊजींनाही केला, त्यांचा पण वाजून वाजून बंद. घरी पत्ते पडलेले, आणि दोघे भाऊ पान खायला गेलेले. मग मी तशीच निघाली."

मी माझ्या हाताकडे पाहिलं. बांगड्यांनी ते जाडजूड बटण सारखं सारखं दाबलं होतं, कणकेचा गोळाही त्यात अडकला होता. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी रागावते. "मग एवढं धावत कशाला यायचं? अशी काय मरत होते मी?"

ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. तिच्या मनगटावरचा काळा चौकोन सारखा थरथरत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, पर्समधून एक गोळी काढली आणि हाताने खूण करून पाणी मागितलं. ओठ पांढरे पडले होते. मी कणकेच्या हाताने पेला भरून दिला.

पेला रिकामा करून तिने सांगितलं. दिवाळीपासून तिचं हृदय मध्येच वेडंवाकडं धावतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत, नाडीवर लक्ष ठेवायला सांगितलं आहे, जिने आणि धावपळ नको म्हटलं आहे. घड्याळ त्यासाठीच होतं.

"कोणाकोणाला माहीत आहे?" मी विचारलं.

"ह्यांना. आणि तुमच्या लेकीला. चक्कर आली तेव्हा नेमका तिचाच फोन चालू होता, तर लपवता नाही आलं."

"आणि मला काहून नाही सांगितलं? मी परकी आहे का?"

ती हसली, नेहमीसारखीच. "ताई, तुम्हाला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून तुमच्या छातीत पण धडधडलं असतं. माझ्यापेक्षा जास्त."

तिने ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणूनच ते लागलं. मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. इतके दिवस मी जावेवर जळत होते, की माझी मुलगी तिची झाली. आता मी मुलीवर जळत होते. माझ्या जावेने आपलं दुखणं तिला सांगितलं, आणि मी पंचवीस वर्षं एका स्वयंपाकघरात तिच्याबरोबर पोळ्या लाटल्या, तर मला नाही.

तेवढ्यात तिचं घड्याळ वाजायला लागलं. येताना ऑटोतून तिने मुलीला फोन केला होता, आणि आल्यावर ताई ठीक आहेत म्हणून निरोपही टाकला होता. तिने बोट लावलं आणि त्या काळ्या चौकोनातून माझ्या मुलीचा आवाज आला.

"काकू, तू धावत गेलीस ना? गोळी घेतली का?"

आईचं नावसुद्धा नाही. जाऊ उत्तर द्यायला लागली तोच मी तिचा तो मोकळा डावा हात धरला आणि तिचं मनगट माझ्या तोंडाजवळ ओढलं. माझ्या बोटांची कणीक तिच्या गुलाबी पट्ट्याला लागली.

"घेतली," मी म्हटलं. "मी दिली तिला."

मी दिलं होतं नुसतं पाणी. जाऊ माझ्याकडे बघत राहिली, पण तिने मला खोटं पाडलं नाही.

"आई, मग आज तिला तुझ्याकडेच ठेव," मुलगी म्हणाली. "आणि रात्री ती झोपली की मला फोन कर."

"करते," मी म्हटलं, आणि हात काही सोडला नाही.